मदत हवी आहे: ‘टॉक अबाउट’ चालतं, मग ‘डिस्कस अबाउट’ का नाही?

नमस्कार. मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. काळ, प्रयोग वगैरे मुलं सरावाने उचलतात. घोडं अडतं ते क्रियापदामागून येणाऱ्या प्रिपोझिशनपाशी. ‘वुई डिस्कस्ड अबाउट द पिकनिक’ असं अर्धा वर्ग लिहितो. त्यातला ‘अबाउट’ खोडला की कुणीतरी शीर्षकातला प्रश्न विचारतंच. प्रश्न रास्त आहे. ‘तसंच असतं, पाठ करा’ असं म्हणून मला त्यांना गप्प बसवायचं नाही.

चूक येते कुठून ते दिसतं. आपण सहलीबद्दल चर्चा करतो, कुणाशी तरी लग्न करतो, म्हणून ‘डिस्कस अबाउट’ आणि ‘मॅरी विथ’. पण मराठी दरवेळी आडवी येते असंही नाही. एखाद्या गोष्टी‘वर’ अवलंबून असणं आणि ‘डिपेंड ऑन’ हे छान जुळतं. गाइडमधल्या लांबलचक याद्या परीक्षा झाली की पुसल्या जातात. यात काही गट पाडता येतात का? आणि शंका आली तर खरा वापर तपासायचा कुठे? कुणी वर्गात काही करून पाहिलं असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद १

बाई, पहिला गट हा घ्या: क्रियापद थेट कर्म घेतं, पण त्याच शब्दाचं नाम प्रिपोझिशन मागतं. ‘डिस्कस द प्लॅन’, पण ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’. ‘रिक्वेस्ट लीव्ह’, पण ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’. ‘एम्फसाइज’ एकटं, ‘एम्फसिस’ला मात्र ‘ऑन’ लागतं. दोन्ही वाक्यं फळ्यावर शेजारी लिहा. ‘अबाउट’ मुलांच्या कानात कुठून शिरलं ते त्यांचं त्यांनाच सापडतं. लग्नाचंही असंच: ‘शी मॅरीड हिम’, पण ‘शी इज मॅरीड टु हिम’.

दुसरा गट मला फार आवडतो, कारण तिथे प्रिपोझिशन बदललं की प्रसंगच बदलतो. ‘थ्रो द बॉल टु मी’ म्हणजे माझ्याकडे टाक, मी झेलतो. ‘थ्रो द बॉल ॲट मी’ म्हणजे मला नेम धरून मार. ‘शाउटेड टु मी’ म्हणजे लांबून ओरडून सांगितलं, ‘शाउटेड ॲट मी’ म्हणजे माझ्यावर ओरडला. ‘शॉट द टायगर’मध्ये गोळी लागली, ‘शॉट ॲट द टायगर’मध्ये फक्त झाडली, लागली की नाही ते कळत नाही. इथे मराठी मदतीला येते. ‘माझ्याकडे’ आणि ‘माझ्यावर’ यांतला फरक मुलांना शिकवावा लागत नाही. वर्गात खरोखरचा चेंडू घेऊन जा.

आता तुमच्या मुलांचा मूळ प्रश्न. ‘टॉक’ थेट विषय घेत नाही, त्याला ‘अबाउट’चा आधार लागतो. ‘डिस्कस’ विषय थेट घेतं. अर्थ जवळचा असला तरी वाक्यातली सोबत ज्या त्या शब्दाची असते. ‘वेट फॉर’ आणि नुसतं ‘अवेट’, ‘अराइव्ह ॲट’ आणि नुसतं ‘रीच’ याच जातीच्या जोड्या आहेत.

प्रतिसाद २

तपासण्यासाठी कॉर्पस बघा, म्हणजे खऱ्या लिखाणा-बोलण्यातल्या वाक्यांचा शोधता येणारा साठा. ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमध्ये सुमारे 10 कोटी शब्द आहेत, बहुतेक लेखी आणि थोडे बोलण्यातले. अमेरिकन इंग्रजीसाठी ‘कोका’ आहे, त्यात 1990 ते 2019 पर्यंतचे 100 कोटी. क्रियापद टाकलं की शेजारी कोणते शब्द येतात ते खऱ्या वाक्यांसकट दिसतं. मात्र दोन्हीकडे सारखंच सापडेल असं नाही. ब्रिटिश ‘प्रोटेस्ट अगेन्स्ट द डिसिजन’ लिहितात, अमेरिकन बरेचदा ‘प्रोटेस्ट द डिसिजन’. पत्र लिहिण्याचंही तेच, ‘राइट टु मी’ आणि ‘राइट मी’. अशा ठिकाणी मुलांचे मार्क कापू नका.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. चेंडूचा प्रयोग उद्याच करते. एक विचारू? ‘लुक आफ्टर’, ‘लुक इंटु’ हे यातच घ्यावं की वेगळं?

प्रतिसाद १

वेगळं घ्या, आणि नंतर. तिथे ‘लुक’चा बघण्याशी संबंध जवळजवळ सुटलेला असतो. ‘लुक आफ्टर’ म्हणजे सांभाळणं, हा अख्खा एकच शब्द समजून शिकवा.