पाठदुखीसाठी पिलाटेस: मॅट की ते स्प्रिंगवालं मशीन?

वनलता:
नमस्कार मंडळी, बरेच दिवस विचारायचं होतं. वय ४४, काम दिवसभर लॅपटॉपवर आणि त्यातलं निम्मं घरून, म्हणजे डायनिंग टेबलच्या खुर्चीत. संध्याकाळपर्यंत कंबर आखडते, मानेचं तर विचारूच नका. एमआरआय झालाय, डॉक्टर म्हणाले डिस्क ठीक आहे, स्नायू कमजोर आहेत, हालचाल वाढवा. पण नक्की काय वाढवू ते नाही सांगितलं. आता इथे ठाण्यात पिलाटेस नावाच्या व्यायामप्रकाराचे स्टुडिओ निघालेत, मैत्रीण जाते, ती म्हणते रिफॉर्मरच कर, म्हणजे ते स्प्रिंगा आणि सरकता पाट असलेलं मशीन, नुसत्या मॅटवर, म्हणजे जमिनीवर चटई टाकून, काही होत नाही. फी ऐकली तर आमच्या पोळ्यावाल्या मावशींच्या पगारापेक्षा जास्त! स्टुडिओवाले म्हणतात हे होलिस्टिक आहे, शरीर मन श्वास सगळं एकत्र. म्हणजे काय असतं हो? आणि योगापेक्षा वेगळं काय? कोणी केलंय का?

औंधकर:
सूर्यनमस्कार घाला. फुकट आहेत. आमच्या औंधच्या राजेसाहेबांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, आयुष्यभर त्याचा प्रचार केला तेव्हा कुठे होतं हे पिलाटेस. जर्मन माणसाचं नाव लावलं की फी चौपट, बाकी काही नाही.

फिजिओताई:
औंधकर, प्रचाराबद्दल पूर्ण मान्य, पण जोसेफ पिलाटेसही त्याच काळातला बरं का, १८८३ चा जन्म. लहानपणी दमा, मुडदूस, सगळं होतं त्याला, त्यातून स्वतःला घडवत गेला. पहिल्या महायुद्धात जर्मन म्हणून इंग्रजांनी त्याला नजरकैदेच्या छावणीत ठेवलं, तिथे तो बाकीच्या कैद्यांकडून व्यायाम करून घ्यायचा. पलंगाच्या स्प्रिंगा वापरून उपकरणं बनवायची कल्पनाही तिथलीच असं सांगतात. नंतर न्यूयॉर्कला गेला आणि तिथे नर्तक लोक दुखापती घेऊन त्याच्याकडे यायला लागले.

वनलता, "मॅटवर काही होत नाही" हे डोक्यातून काढा. १९४५ च्या त्याच्या स्वतःच्या पुस्तकात ३४ व्यायाम आहेत आणि सगळे जमिनीवरचे. रिफॉर्मर वाईट नाही, स्प्रिंग आधार देते त्यामुळे ज्यांना जमिनीवर पाय सरळ उचलता येत नाहीत त्यांना उलट तिथे सोपं जातं. गंमत म्हणजे पोटाच्या काही व्यायामांत स्प्रिंग हलकी केली की काम अवघड होतं, कारण सरकता पाट सांभाळायची जबाबदारी आपल्यावर येते. त्यामुळे शेजारणीपेक्षा जड स्प्रिंग लावली म्हणून खूश व्हायचं कारण नाही.

योगाशी फरक विचारलात तर आसनात आपण बहुतेक वेळा स्थितीत थांबतो, इथे सतत हालचाल, मोजकी आवर्तनं, आणि श्वास बाजूच्या बरगड्यांत घ्यायचा, जोर लावताना सोडायचा. आत्ता बसल्या बसल्या दोन्ही हात बरगड्यांवर ठेवा, श्वास घेताना हात बाजूला ढकलले जातायत का बघा. लॅपटॉपवाल्यांचे सहसा खांदेच वर जातात. श्वास पूर्ण सोडला की पोटाचा सगळ्यात आतला स्नायू कंबरपट्ट्यासारखा आवळतो, तो आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू एकत्र काम करतात. होलिस्टिकमधला माझ्या लेखी खरा भाग एवढाच, बाकी सुगंधी मेणबत्त्यांचे पैसे.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय संशोधनं एकत्र करून तपासते, त्यांच्या २०१५ च्या आढाव्यात जुनाट कंबरदुखीला पिलाटेस काहीच न करण्यापेक्षा बरं निघालं, पण दुसऱ्या व्यायामांपेक्षा सरस आहे असा पुरावा नाही मिळाला. म्हणजे जे नियमित कराल ते.

सोनचाफा:
मी मॅटवालं करते, दुसऱ्या बाळंतपणानंतर पोटाचे स्नायू मधोमध फाकले होते तेव्हा सुरू केलं. वजन म्हणाल तर अजिबात नाही उतरलं, त्यासाठी जाणार असाल तर निराशाच होईल, आधीच सांगते. पण फरक कुठे पडला तर घरात. सिलेंडर सरकवताना, पाच लिटरचा कुकर उतरवताना, मुलाला कडेवर घेताना आपोआप आधी श्वास सोडला जातो आणि गुडघे वाकतात, पूर्वी सगळा भार कमरेवर घेऊन श्वास कोंडून उचलायचे. आमच्या बाई वर्गात पहिला अर्धा तास नुसतं खुर्चीतून उठणं-बसणंच करून घेतात, मला आधी वाटलं हे काय पैसे घेऊन शिकवायचं, पण हात न टेकता उठायला लागले तर मांड्या थरथरल्या हो! आणि वनलताताई, वर्ग आठवड्यातून दोनदा आणि बाकी दिवस खुर्चीत दहा तास, असं केलंत तर काही होणार नाही. मी फोन आला की उभी राहते, भाजी निवडायला खाली बसते. चालणं वेगळं.

औंधकर:
खाली बसून भाजी निवडणं हे आमच्या आईने कोणत्याही स्टुडिओत न जाता ८० व्या वर्षापर्यंत केलं. असो, श्वासाचं पटलं. नमस्कार घालताना मी श्वास कोंडतो हे आत्ता करून बघितल्यावर कळलं.

वनलता:
सगळ्यांना खूप धन्यवाद. मॅटवाला वर्ग बघते, जवळच एक आहे, मोजकीच माणसं घेतात म्हणे. अजून एक, आईला पण यायचंय, ७१ वर्षं, डेक्सामध्ये, म्हणजे हाडांच्या घनतेच्या तपासणीत, हाडं ठिसूळ आलीत. चालेल ना?

फिजिओताई:
आईंना तुमच्याच वर्गात नका बसवू. हाडं ठिसूळ असतील तर पुढे गोल वाकणं टाळायचं, म्हणजे रोल-अप (उताणं झोपून पाठ गोल करत उठणं), पाठीवर चेंडूसारखं लोळणं, नुसतं डोकं-खांदे उचलून करायचं ते हंड्रेडसुद्धा नको, मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन तो दबू शकतो. जोरात पिळणंही नको. सेतूबंधासारखा ब्रिज, कुशीवर झोपून पाय उचलणं, पालथं झोपून पाठ हलकी उचलणं, भिंतीला धरून एका पायावर उभं राहणं हे चालेल, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारून. रिपोर्ट शिकवणाऱ्या बाईंना दाखवा आणि विचारा की यांच्यासाठी काय बदलाल. "काही नाही हो, सगळ्यांना चालतं" असं उत्तर आलं तर तिथे तुम्हीही जाऊ नका.