मदत हवी आहे: राजीनामा दिल्यानंतर ईएसआयसीचा (कर्मचारी राज्य विमा महामंडळाचा) बेरोजगारी भत्ता मिळू शकतो का?

घणसोलीकर:

नमस्कार. रबाळे एमआयडीसीतील एका पॅकेजिंग कारखान्यात मी 6 वर्षे मशीन ऑपरेटर होतो. यंदा कंपनीने आमचा संपूर्ण विभाग मुरबाडला हलवला आणि ज्यांना तेथे येणे शक्य नाही त्यांनी राजीनामे द्यावेत, असे आम्हाला सांगण्यात आले. सकाळी 7 च्या पाळीसाठी घणसोलीहून ठाणे, ठाण्याहून कल्याण आणि पुढे एसटीने मुरबाड गाठणे रोज जमण्यासारखे नव्हते. आईला मधुमेह आणि रक्तदाब असून तिच्याजवळ कोणीतरी असावे लागते, त्यामुळे बिऱ्हाड हलवणेही शक्य झाले नाही. ऑगस्टअखेर मी राजीनामा दिला.

माझ्या पत्रात 'विभाग मुरबाडला स्थलांतरित झाल्यामुळे रुजू होणे शक्य नाही' असे कारण मी स्पष्ट लिहिले होते. परंतु राजीनामा मंजूर केल्याचे जे पत्र कंपनीने दिले, त्यात मात्र 'वैयक्तिक कारणास्तव' असा उल्लेख आहे. एकूण पगार 18,000 रुपये होता आणि ईएसआय व पीएफ दोन्ही नियमित कापले जात होते.

अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेलेल्या विमाधारकाला काही महिने भत्ता मिळतो, असे समजले. बरोबरचे सहकारी म्हणतात की राजीनामा देणाऱ्याला त्यातील एक पैसाही मिळत नाही, तर ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या एका दुकानदाराच्या मते कोणालाही मिळतो. माझ्यासारख्या परिस्थितीत नोकरी 'स्वेच्छेने सोडली' असे धरले जाते का? आईची औषधे ईएसआयच्या दवाखान्यातून मिळतात, ती आता बंद होतील का? पीएफची रक्कम काढावी की तशीच ठेवावी, हेही कोणी सांगितल्यास आभारी राहीन. इतकी वर्षे दरमहा वर्गणी भरलेली असल्यामुळे, नियमात बसत असेल तर हा हक्क सोडून द्यावा असे मला वाटत नाही.

वागळे इस्टेट:

मी ठाण्यातील लहान कारखान्यांची पगारपत्रके आणि ईएसआय-पीएफचा भरणा पाहतो. आपल्या दोन्ही सल्लागारांचे म्हणणे अर्धवट आहे.

अटल योजना 1 जुलै 2018 पासून लागू झाली. सुरुवातीला सरासरी रोजच्या कमाईच्या 25 टक्के भत्ता मिळत असे. 2020 मध्ये कोविडच्या काळात तो 50 टक्के करण्यात आला आणि नोकरी सुटल्यानंतर 90 दिवस थांबण्याची जी अट होती, ती 30 दिवसांवर आणण्यात आली. भत्ता जास्तीत जास्त 90 दिवसांचा असतो आणि आयुष्यात एकदाच मिळतो. त्यासाठी आधी किमान दोन वर्षे विमापात्र नोकरी झालेली असावी लागते. बेरोजगार होण्याच्या लगत आधीच्या सहा महिन्यांच्या वर्गणी कालावधीत किमान 78 दिवसांची आणि त्याआधीच्या दोन वर्षांतील उरलेल्या तीन कालावधींपैकी एकात किमान 78 दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. आपली नोकरी सलग असल्यामुळे येथे अडचण दिसत नाही.

आता मुख्य प्रश्न. गैरवर्तनाबद्दल झालेली शिक्षा, वयोमानानुसार निवृत्ती किंवा स्वेच्छानिवृत्ती यांमुळे बेरोजगारी आलेली नसावी, अशी योजनेची अट आहे. कंपनीने आर्थिक मोबदला देऊन राबवलेली स्वेच्छानिवृत्ती आणि कामाची जागाच दूर गेल्यामुळे द्यावा लागलेला राजीनामा या दोन गोष्टी मी तरी एक मानणार नाही. निर्णय मात्र ईएसआयसीचे शाखा कार्यालय घेते आणि ते समोरच्या नोंदी पाहते. त्यामुळे मासिक वर्गणीचा भरणा करताना कंपनीने आपल्या नावापुढे कोणते कारण निवडले, हे आधी शोधून काढावे. त्या यादीत नोकरी सोडली, निवृत्त, कामगार कपात, काम नाही, संप किंवा टाळेबंदी असे वेगवेगळे पर्याय असतात आणि अनेक ठिकाणी लेखनिक फारसा विचार न करता 'नोकरी सोडली' हाच पर्याय निवडतात. त्याचे परिणाम कामगाराला भोगावे लागतात, ही गोष्ट मला नेहमीच खटकते.

माझे मत विचाराल तर अर्ज अवश्य करावा. नाकारायचे असल्यास ते कार्यालयाने लेखी कारण देऊन नाकारावे. आपण आधीच स्वतःला अपात्र ठरवू नये. रकमेचा अंदाज असा: मागील चार वर्गणी कालावधींतील एकूण कमाईला 730 ने भागायचे आणि त्याच्या निम्मे घ्यायचे. 24 महिने 18,000 रुपये धरल्यास रोजची सरासरी सुमारे 592 रुपये, भत्ता सुमारे 296 रुपये आणि 90 दिवसांचे साधारण 26,600 रुपये होतात. ही योजना ठरावीक मुदतीसाठी असून ती वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्जाच्या दिवशी ती चालू असल्याची खात्री शाखेत करून घ्यावी. नोकरी सुटल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो.

आईच्या औषधांबाबत काळजी करू नये. ऑक्टोबर ते मार्चच्या वर्गणीवर पुढच्या जुलै ते डिसेंबरचे लाभ मिळतात आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत वर्गणी भरली गेली असल्यामुळे येत्या 30 जूनपर्यंत वैद्यकीय लाभ सुरू राहायला हवा. दवाखान्यात 'नोकरी सुटली म्हणजे कार्ड बंद' असे कोणी सांगितल्यास ही तरतूद दाखवावी.

पीएफची घाई करू नये, असे मला वाटते. 5 वर्षांहून अधिक सलग सेवेमुळे ती रक्कम काढल्यास करमुक्त असेल. पण नवी नोकरी मिळाल्यावर खाते तेथे वर्ग केले तर पेन्शनसाठी लागणारी 10 वर्षांची सेवा पूर्ण होण्यास मदत होते. ग्रॅच्युइटीचा आपण उल्लेख केलेला नाही. 5 वर्षे पूर्ण झाल्यावर राजीनामा दिला तरी ती मिळते.

कळवा-मुंब्रा:

दादा, मी कामगार संघटनेचे काम करते, म्हणून एक बाजू मांडते. ईएसआयसीची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना 1 एप्रिल 2005 पासून आहे. कारखाना बंद झाल्यास, कपात झाल्यास किंवा कामाशी संबंध नसलेल्या दुखापतीमुळे किमान 40 टक्के कायमचे अपंगत्व आल्यास तिचा लाभ 24 महिन्यांपर्यंत मिळतो: पहिले 12 महिने वेतनाच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के. मात्र स्वतःहून काम सोडणे आणि स्वेच्छानिवृत्ती तिच्यातून स्पष्टपणे वगळलेली आहेत. शिवाय कपात झाली असती तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे 15 दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाईही मिळाली असती. कंपन्या 'राजीनामा' या एका शब्दावर इतका जोर का देतात, हे यावरून लक्षात येईल.

तुमच्याबरोबर किती जणांनी एकाच आठवड्यात राजीनामे दिले? स्थलांतराची लेखी सूचना लागली होती का? तशी सूचना आणि एकाच सुमारास दिलेले अनेक राजीनामे असतील, तर हे 'वैयक्तिक कारण' टिकवणे कंपनीला कठीण जाईल. सर्वांनी मिळून ठाण्याच्या कामगार उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्यावी. एकट्याने गेल्यास प्रकरण रेंगाळते, असा माझा अनुभव आहे.

घणसोलीकर:

दोघांचेही मनापासून आभार. स्थलांतराची सूचना फलकावर लागली होती आणि तिचे छायाचित्र माझ्या फोनमध्ये आहे. आमच्यापैकी बऱ्याच जणांनी त्याच सुमारास राजीनामे दिले. त्यातील काही जण दिघा आणि ऐरोलीचे असून संपर्कात आहेत. एक शंका उरते: कामगार कार्यालयात तक्रार दिल्यास ईएसआयसीचा अर्ज अडकेल का? घरात सध्या माझ्याशिवाय कमावणारे कोणी नसल्यामुळे 26,000 रुपयांचाही मोठा आधार होईल.

वागळे इस्टेट:

दोन्ही कार्यालये वेगळी आहेत आणि एकीकडील तक्रारीसाठी दुसरीकडील अर्ज थांबवण्याचे कारण नाही. मात्र दोन्हीकडे घटनेचे वर्णन तंतोतंत सारखे असावे. ईएसआयसीच्या पोर्टलवर आपल्या विमा क्रमांकाने लॉगिन करून अटल योजनेचा अर्ज भरावा आणि त्याची छापील प्रत आधार व बँक पासबुकाच्या प्रतींसह शाखेत द्यावी. राजीनाम्याची प्रत, कंपनीचे मंजुरीपत्र आणि फलकावरील सूचनेचे छायाचित्र सोबत जोडून, कारणांतील तफावत एका स्वतंत्र पत्रात मांडावी आणि त्या पत्रावर पोहोच घ्यावी. रक्कम थेट आपल्या बँक खात्यात जमा होते, त्यामुळे मध्यस्थाला पैसे देण्याची गरज नाही. कंपनीकडेही मंजुरीपत्रातील कारण दुरुस्त करण्याची मागणी आजच ईमेलने करा. त्यांनी उत्तर दिले नाही, तरी ती ईमेल तक्रारीला जोडता येईल.