एकच प्रत स्कॅन करून भागत नाही

जपानी चित्रकार होकुसाईच्या रेखाचित्रांची पुस्तकमालिका ‘होकुसाई मांगा’, हिची एक प्रत ऑनलाइन आली, मग प्रत्येक परदेशी संग्रहालयाने तेच पुस्तक पुन्हा का स्कॅन करावे, असा एक मुद्दा मांडला जातो. तो खर्चापुरता पटतो. पण लाकडी ठशांनी छापलेल्या पुस्तकांत दोन प्रती सारख्या नसतातच. या मालिकेचा पहिला भाग १८१४ मध्ये जपानमधल्या नागोयात निघाला, शेवटचा म्हणजे पंधरावा १८७८ मध्ये, आणि जुन्या भागांचे ठसे मधली कित्येक वर्षे वापरात राहिले. ठसा झिजला की केसासारखी रेघ जाड होते, पानाभोवतीची चौकट तुटते; नव्या छपाईत चित्रांतली फिकट गुलाबी छटाही बदलते. त्यात उशिराच्या प्रतींवर अनेकदा मूळ सालच छापलेले असते, म्हणजे साल बघून काही कळत नाही! चौकटीतली तीच चीर दोन प्रतींत शेजारी ठेवून पाहिली, की आधीची कोणती हे उलगडते.

म्हणून स्मिथसोनियन या अमेरिकी संग्रहालय-संस्थेने २००७ मध्ये घेतलेला जपानी सचित्र पुस्तकांचा पुल्वेरर संग्रह ऑनलाइन आला याचे मला फार मोल वाटते. फक्त चित्रांची पाने टाकणारे संग्रह मात्र अभ्यासाला अपुरे पडतात. मुखपृष्ठ, शेवटचे प्रकाशकांच्या नावांचे पान आणि पुस्तकाच्या मागे छापलेल्या इतर पुस्तकांच्या जाहिराती, हे सगळे स्कॅन व्हायलाच हवे. छपाईचा काळ बरेचदा तिथेच सापडतो.