डबा उघडल्यावर आधी कडा पाहा
'बियाँड द रॉक्स' (१९२२) या मूकपटाला जुन्या फिल्मच्या संग्राहकांत भाव आहे तो केवळ ग्लोरिया स्वान्सन आणि व्हॅलेंटिनो हे दोन तारे एकत्र दिसतात म्हणून, हे मत अर्धंच पटतं. कथा बेतासबातच आहे. पण हरवलेला हा मूकपट नेदरलँड्समधल्या हार्लेमच्या एका संग्राहकाच्या डब्यांत निघाला, तोही सुट्या रिळांत विखुरलेला. ओढ त्याची आहे.

असं रीळ हाती आलं तर कडेची अक्षरं भिंगातून बघा. पारदर्शक कडेवर काळं 'नायट्रेट' (जुनी, चटकन पेट घेणारी फिल्म) किंवा 'सेफ्टी' (नंतरची, सहज न पेटणारी) असेल तर ते त्याच फितीचं. काळ्या कडेवरची पांढरी अक्षरं ज्या निगेटिव्हवरून प्रत काढली तिच्यावरून उतरलेली असतात. त्यामुळे नायट्रेट निगेटिव्हवरून काढलेली 'सेफ्टी' प्रत नायट्रेट समजली जाते. आणि चिकटलेलं नायट्रेट ओढून उलगडू नका, इमल्शन (चित्र धरणारा थर) सुटून चित्रच जातं.