सारखा घसा खाकरावा लागतो, आता चारचौघांत जायची लाज वाटते

निळी_छत्री:
तीन वर्षं झाली, दर दोन मिनिटांनी खाकरते. खोकला नाही ताप नाही, नुसतं काहीतरी अडकल्यासारखं, खाकरलं की जेमतेम मिनिटभर बरं. ऑफिसच्या कॉलवर सारखं म्यूट-अनम्यूट. कोविडनंतर तर लोकलमध्ये शेजारची बाई सरळ उठून दुसरीकडे बसते. नाटकाला जाणं सोडलंय, शांत सीन आला की मलाच घाम फुटतो. पण परवा कहर झाला, लेक भातुकली खेळत होती, "आता मी आई" म्हणाली, ओढणी घेतली आणि बोलायच्या आधी दोनदा खाकरली. तेव्हा हसले, मग बाथरूममध्ये जाऊन रडले. ईएनटीने दुर्बिणीतून बघितलं, गाठबिठ काही नाही, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या दिल्या, फरक शून्य. कोणाचं बरं झालंय का?

साखर_कमी:
बीपीची गोळी चालू आहे का? माझी रॅमिप्रिल होती. त्या जातीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला, खवखव होते हे मला दीड वर्षाने कळलं. डॉक्टरांनी बदलून दिली, महिन्याभरात थांबलं. मनाने बंद करू नका मात्र.

आजोबांची_नात:
ज्येष्ठमध चघळा. आमचे आजोबा घरात शिरताना खाकरायचे, बायका सावध व्हायच्या, त्यांना कोणी आजारी नाही म्हटलं. बाई खाकरली की लगेच माना वळतात :)

बेसूर:
ज्येष्ठमध रोज नको, बीपी वाढतं. मी शाळेत शिकवतो, पोरांनी नाव ठेवलंय खर्रखर्र सर. स्पीच थेरपिस्टने मला सांगितलं की खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर आपटतात, सुजतात, सूज आली की परत अडकल्यासारखं वाटतं, परत खाकरा, असं ते चक्र. उबळ आली की घोटभर पाणी, नाहीतर नुसता आवंढा गिळायचा जोरात. पहिले दोन आठवडे जीव जातो. रात्रीचं जेवण झोपायच्या तीन तास आधी. बरंच कमी झालं, पण परीक्षेच्या सुपरविजनला अजून येतं, वर्गात शांतता असली की येतंच.

चौथी_सीट:
आमच्याकडे नवरा खाकरतो. खरं सांगू, मी जाम चिडायचे. "बस कर ना" म्हटलं की जास्तच करायचा. आता बोलत नाही, तांब्या पुढे सरकवते.

निळी_छत्री:
बीपी नाही मला. जेवायलाच साडेदहा होतात, तीन तास आधी कुठून जमणार. आवंढ्याचं आजपासून धरते. एवढं टाइप करताना चारदा खाकरले.