प्रति: आशांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण
गावातल्या आशा सेविकांना पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य ओळखायची प्रश्नावली, दोन दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवता येते, असा दावा केला जातो. प्रश्नावली येते, मान्य. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, १० किंवा जास्त झाले की पुढे पाठवायचं. घोळ होतो तो बेरजेतच. नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा. त्याला १ आणि एकूण ६ आले की फॉर्म ‘सौम्य’च्या गठ्ठ्यात जातो. नववं उत्तर शून्य नसेल तर बेरजेकडे बघायचंच नाही. माणसाला एकटं सोडायचं नाही, घरातलं फवारणीचं औषध हलवायला लावायचं, त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवायचं, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तिथल्या तिथे लावून द्यायचा. सासू शेजारी बसलेली असताना विचारलं तर सुनेची नऊही उत्तरं ‘नाही’च येणार. आणि ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द घाईत गाळले की वर्षापूर्वीचं दुःखही मोजलं जातं.

समुपदेशनाला मात्र दोन दिवस म्हणजे थट्टाच. गोव्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसोपचाराचं शिक्षण नसलेल्या समुपदेशकांनी नैराश्यासाठी ६ ते ८ बैठका घेतल्या आणि त्याचा उपयोग झाला, हे २०१७मध्ये प्रसिद्ध झालंय. पण त्यांना आधी ३ आठवडे वर्ग, मग ६ महिने प्रत्यक्ष सराव होता. पुढेही गटात बसून एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि गुण द्यायचे. आपल्याकडे अंदाजपत्रकात कात्री लागते ती नेमकी याच भागाला, कारण त्याचा फोटो निघत नाही.