अनुभव धागा: नाताळातले झोंबी, सोसायटीतलं शूटिंग

नाताळच्या भयपटाची पाच-सात मिनिटांची फिल्म सोसायटीच्या आवारातच उरकायची असेल, तर काय जमतं आणि काय फसतं, ते इथे लिहा. ‘धमाल आली’ नको, मापं हवीत.

कोपरखैरणे, मेकअप
सडकी कातडी म्हणजे लिक्विड लेटेक्स (पातळ रबर) आणि टिश्यू पेपर. आधी मनगटाच्या आत थेंबभर लावून २४ तास थांबा. लेटेक्सची अ‍ॅलर्जी असणारे असतात. भुवया आणि दाढीच्या केसांवर व्हॅसलिन, नाहीतर काढताना केसही येतील. टिश्यूचा एकच पदर घ्या आणि कात्रीने न कापता फाडा, म्हणजे कडा चेहऱ्यात मिसळतात. तीन थर पुरे. प्रत्येक थर ड्रायरच्या थंड हवेवर पूर्ण सुकवायचा. इथेच घाई होते. आतला थर ओला राहिला की लाइटखाली घाम फुटतो आणि वरच्या ओठाची अख्खी जखम गळून पडते. सुकल्यावर टाल्कम पावडर, मग मधोमध चिमट्याने फाडून आत गडद लाल रंग.
सगळ्यांना हे करत बसू नका. पुढच्या तिघांना पूर्ण मेकअप, मागच्यांना राखाडी पावडर आणि डोळ्यांखाली काळं.

वाशी
रक्त: एक कप कॉर्न सिरप, दोन चमचे लाल खायचा रंग, निळ्याचे दोन थेंब, चमचाभर कोको पावडर. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं दिसतं. सांताच्या पांढऱ्या दाढीवरचा डाग जात नाही, दोन दाढ्या ठेवा. आणि मुंग्या! जिन्यातली फरशी लगेच पुसा.

घोडबंदर रोड, कॅमेरा
चिनी दिव्यांच्या माळांमुळे व्हिडिओत पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची, मोबाइल ऑटोवर भलताच शटर धरतो. प्रो मोडमध्ये (हाताने सेटिंग) सेकंदाला २५ फ्रेम, शटर १/५० सेकंद. १/१०० वर स्वस्त माळा तरीही लुकलुकतात.

ऐरोली
बर्फाचा हट्ट सोडा. साबणाच्या फेसावर टाइल्सवरून माणूस घसरतो, कापूस मेणबत्तीजवळ पेटतो. ‘क्रॅम्पस’ या नाताळच्या भयपटात (२०१५) हिमवादळात वीज जाते आणि राक्षस बराच वेळ नीट दिसतच नाहीत. ठाण्यात बर्फ पडत नसला तरी लाइट जाते की! राक्षसाला गोणपाट आणि सुतळीची झूल घाला, मागून एकच दिवा, समोरून काही नाही. झोंबीने हात पुढे करून चालू नये, हसू येतं. एक गुडघा ताठ, मान एका खांद्याकडे, बस्स.

कोपरी, ठाणे पूर्व
कमिटीची लेखी परवानगी घ्या आणि वॉचमनला आधी सांगा. लिफ्टचं दार उघडून रक्ताळलेला सांता बाहेर आला तर आजोबांचं काय होईल? रात्री १० नंतर लाउडस्पीकर बंद, किंकाळ्या दिवसा गाद्या लावलेल्या खोलीत रेकॉर्ड करा. येऊरच्या जंगलात रात्री जायचं मनात आणू नका, तो राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे आणि शूटिंगला वनखात्याची परवानगी लागते.

कोपरखैरणे
राहिलंच: लेटेक्स ओढून काढू नका. कडेने खोबरेल तेल चोळा, कोमट पाण्याने सैल करा, मग सोला.